किल्टच्या आत काय घालू?

पत्र थोडक्यात असं आहे. लिहिणारे सदतीस वर्षांचे, मूळचे सांगली जिल्ह्यातले, गेली सहा वर्षं ग्लासगोत नोकरीला आहेत. ऑफिसातले पाच जण जूनमध्ये स्कॉटलंडमधली 'वेस्ट हायलँड वे' ही लांब पायवाट सात दिवसांत चालणार आहेत. आजारी मुलांच्या मदतीसाठी पैसे जमवायचेत, आणि सगळ्यांनी किल्ट, म्हणजे स्कॉटिश पुरुषांचा गुडघ्यापर्यंतचा निऱ्यांचा घागरा, घालायचं ठरलंय. यांनाही आग्रहाने बोलावलंय. सराव म्हणून कॅम्पसीच्या डोंगरात 14 किलोमीटर चालून आले, तेव्हा सहकाऱ्यांचं ऐकून आत काहीच घातलं नव्हतं. "घरी आलो तर दोन्ही मांड्या आतून सोलवटलेल्या. दोन दिवस खुर्चीत धड बसता येईना." पुढच्या खेपेला रोजची सुती चड्डी घातली, तर मांड्या तशाच घासल्या आणि वर जांघेत शिवण काचली. सहकारी म्हणतात, खरा स्कॉट आत काही घालत नाही. बायको म्हणते, सरळ पँट घाला आणि मोकळे व्हा. त्यांचा प्रश्न असा: "माझे आजोबा धोतराखाली लंगोट नेसून रोज रानात मैलोन्‌मैल चालायचे, त्यांना कधी काही झालं नाही. मग मीच एवढा नाजूक का? आत काही घातलं तर त्यांच्या पोशाखाचा अपमान होईल का? आणि घालायचंच तर नेमकं काय?"

*

तुमच्या पत्रात 'नाजूक' हा शब्द दोनदा आलाय, म्हणून सुरुवात तिथूनच करतो. तुम्ही नाजूक नाही. तुम्ही आजोबांच्या धोतराची आणि किल्टची बरोबरी केलीत, तिथे गडबड झाली.

धोतर आठवून बघा. निऱ्या काढून पुढे खोचल्या, की दुसरं टोक दोन पायांमधून मागे जातं आणि कमरेला खोचलं जातं. तो काष्टा. म्हणजे चालताना आजोबांच्या दोन मांड्यांच्या मध्ये कायम कापड होतं, आणि तेही धुऊन धुऊन मऊ झालेलं. कातडीला कातडी लागतच नव्हती. किल्टला काष्टा नसतो. समोर सपाट पदर, मागे निऱ्या आणि आत सगळं मोकळं. आपल्याकडे त्याचं नातं धोतराशी नाही, लुंगीशी लागतं. लुंगी नेसून डोंगर चढायची वेळ आली की माणूस आधी ती वर खोचतो किंवा आत हाफ पँट घालतो, हे कोकणात कुणालाही विचारा.

तेव्हा धोतरात जे काम काष्टा करतो, ते किल्टमध्ये तुमच्या चड्डीला करायचंय. एवढं एक मनात ठेवलंत की दुकानात काय घ्यायचं आणि काय सोडायचं ते बरंचसं आपोआप ठरतं. लंगोटाने हे काम होत नाही. तो सांभाळतो, आवळून धरतो, तालमीत त्याच्यासारखं दुसरं काही नाही. पण मांड्या उघड्याच राहतात. त्रिकोणी चड्डीचंही तेच. वरून तिच्या पायाची शिवण नेमकी जांघेच्या घडीत बसते, आणि तीच तुम्हाला काचली.

आता अपमानाचं. या प्रश्नाने तुमची झोप उडालीय असं पत्रावरून वाटतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सहकारी ज्याला परंपरा म्हणताहेत ती आहे, पण ते समजतात तेवढी जुनी आणि सरसकट नाही. सोळाव्या-सतराव्या शतकातले हायलँडर, म्हणजे स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या डोंगराळ भागातले लोक, जो मोठा किल्ट नेसत, ते म्हणजे कित्येक हात लांबीचं लोकरी कापड. चुण्या घालून कमरेला पट्ट्याने बांधायचं आणि उरलेलं खांद्यावर टाकायचं. त्याच्या आत लांब सदरा असे, मांड्यांपर्यंत येणारा. त्या काळी युरोपभर साध्या पुरुषांच्या सदऱ्याचा लांब घोळच चड्डीचं काम करायचा. म्हणजे 'आत काही नाही' असं त्यांच्याही बाबतीत सरळ म्हणता येणार नाही. आज आपण बघतो तो शिवलेला, गुडघ्यापर्यंतचा छोटा किल्ट अठराव्या शतकातला. राजाविरुद्ध झालेल्या 1745 च्या उठावानंतर ब्रिटिश सरकारने 1746 च्या कायद्याने हायलँडच्या पोशाखावरच बंदी घातली. ती 1782 मध्ये उठली. मधल्या काळात किल्ट टिकला तो मुख्यतः लष्कराच्या हायलँड पलटणींत, आणि आत काही न घालण्याची फुशारकी ही बरीचशी त्या पलटणींच्या रिवाजातून आलेली आहे.

त्या पलटणींचंही ऐका. पहिल्या महायुद्धात खंदकांतल्या चिखलाने भिजलेल्या किल्टची कड थंडीत कडक व्हायची आणि चालताना सैनिकांच्या गुडघ्यांमागची कातडी कापायची. दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीला, 1940 पासून, लढाईच्या पोशाखातून किल्ट काढलाच गेला. त्यावर जिवापाड प्रेम करणाऱ्यांनाही तो काचलाय. तुमच्या मांड्यांना झालं त्यात परकेपणाचा काही संबंध नाही.

आणि आजचे स्कॉट काय करतात? हायलँड नृत्याच्या स्पर्धांमध्ये आत गडद किंवा टार्टनच्या, म्हणजे किल्टच्या चौकटीच्या कापडाच्या, रंगाशी जुळणारी चड्डी घालावी, पांढरी नको, असा नियमच आहे. हायलँड गेम्समध्ये ओंडके फेकणारे खेळाडू किल्टच्या आत घट्ट शॉर्ट्स घालतात. वाकताना, उडी मारताना त्या दिसतात आणि कुणी भुवई उंचावत नाही. 2010 मध्ये स्कॉटिश टार्टन्स ऑथॉरिटीच्या संचालकांनी तर, भाड्याचा किल्ट आत काही न घालता वापरणं पोरकट आणि अस्वच्छ आहे, असं जाहीरपणे सांगितलं होतं. टार्टन जपणाऱ्या संस्थेचा माणूस हे बोलतो, तेव्हा तुम्ही अपमानाची काळजी सोडून द्यायला हरकत नाही.

मला वाटतं, तुमच्या मनात खरा प्रश्न वेगळाच आहे. सहा वर्षं तिथे राहून पहिल्यांदा कुणीतरी 'आमच्यातला हो' म्हणून हाक मारलीय, आणि त्या हाकेला उणं पडू नये असं तुम्हाला वाटतंय. हे मला फार समजतं. पण त्यांनी तुम्हाला बोलावलं ते सात दिवस सोबत चालायला. तिसऱ्या दिवशी पाय फाकवून चालणारा आणि लाजेने गप्प बसलेला सोबती त्यांनाही नकोच असणार. एक करून बघा: त्यांच्यातल्या सगळ्यात जास्त डोंगर चढलेल्या माणसाला एकटं गाठून विचारा, "लांबच्या चालीला तू आत काय घालतोस?" गटात थट्टा होते, एकट्यात माणूस खरं सांगतो.

आता कामाचं बोलू.

ही वाट 154 किलोमीटरची, मल्गायपासून फोर्ट विल्यमपर्यंत. सरळ हिशेब केला तरी साधारण दोन लाख पावलं होतात, आणि प्रत्येक पावलाला एक मांडी दुसरीला घासून पुढे जाते. घामाने किंवा पावसाने कातडी ओली झाली की मऊ पडते. घाम वाळला की त्यातलं मीठ मागे उरतं आणि ते बारीक वाळूसारखं काम करतं. तुमच्या मांड्या सोलल्या त्या एवढ्यानेच. मी पहिल्यांदा राजगड ते तोरणा केलं तेव्हा पावसात सुती बर्म्युडा घातली होती. बुधला माचीला पोचेस्तोवर प्रत्येक पाऊल मोजून टाकत होतो. तेव्हा शिकलो की सुती कापड घरी कितीही सुखाचं असलं, तरी चालण्यात ते पाणी पितं आणि धरून ठेवतं. दिवसभर ओलं राहतं.

म्हणून कापड दोनच प्रकारांतलं बघा: बारीक मेरिनो लोकर, नाहीतर नायलॉन किंवा पॉलिस्टरमध्ये थोडा इलॅस्टेन हा ताणणारा धागा मिसळलेलं, खेळाडू वापरतात तसं. मेरिनो टोचत नाही, घामाला वास कमी येतो आणि ओलं असतानाही थंडगार लागत नाही. पण महाग असतं आणि घासून लवकर विरतं. नायलॉनचं टिकतं, तासाभरात बरंचसं सुकतं, फक्त वास लवकर धरतं. तुम्हाला रोज रात्री धुवायला मिळणार असेल तर मी नायलॉनचं घेईन. तंबूत राहणार असाल तर मेरिनो.

लांबी सगळ्यात महत्त्वाची. मांड्या जिथे एकमेकींना लागतात त्याच्या खाली चार बोटं कापड आलं पाहिजे. बहुतेकांना आतल्या शिवणीपासून 15 ते 20 सेंटिमीटर लागतात. किल्टची कड गुडघ्याच्या मध्यावर येते, त्यामुळे एवढी लांब चड्डी उभं असताना दिसत नाही. सैल बॉक्सर नको, तो चालताना वर सरकून जांघेत गोळा होतो. फार आवळणारीही नको. मांडीवर वळ उठला तर ती लहान आहे. काही चड्ड्यांच्या पायाला आतून रबरासारखी पट्टी असते. पायावर केस असतील तर ती ओढते, मी टाळतो. आणि सायकलवाल्यांची गादीची चड्डी मुळीच घेऊ नका. गादी घाम शोषते आणि ओल्या बोळ्यासारखी दोन पायांत लोंबते.

दुकानात चड्डी उलटी करून शिवणीवरून अंगठा फिरवा. शिवण कापडाशी सपाट बसलेली हवी, बोटाला कड लागता कामा नये. दोन पायांच्या मधोमध चार शिवणी एकत्र येऊन गाठ झालेली असेल तर ती ठेवून द्या. तिथे वेगळा, पाचरीसारखा तुकडा जोडलेला असला तर उत्तम. एखादी चड्डी सगळ्या बाबतींत छान आहे पण शिवण किंचित टोचते, तर ती सरळ उलटी घाला. किल्टच्या आत बघायला कोण येतंय?

कमरेचा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण दुसऱ्या दिवशी तोच छळेल. किल्ट बेंबीच्या पातळीला बसतो आणि त्याचे चामडी पट्टे, बकलं कमरेच्या बाजूंना येतात. त्यावर सॅकचा कंबरपट्टा, आणि सगळ्यांच्या आत चड्डीचं इलॅस्टिक. तीन थर एकाच हाडावर दाबले गेले की तिथे वळ पडून सालपटं निघतात. चड्डीचं इलॅस्टिक रुंद आणि मऊ घ्या, आणि ते किल्टच्या पट्ट्याच्या खाली बसतंय ना ते आरशात बघा. घरी सॅक भरून, सगळं चढवून अर्धा तास जिना चढा-उतरा. समोर लटकणारी ती चामडी पिशवी, स्पोरन, कंबरपट्ट्याशी भांडते. फोटोपुरती ठेवा आणि बाकी वेळ सॅकमध्ये टाका. या वाटेवर सामान एका मुक्कामावरून दुसऱ्या मुक्कामी गाडीने पोचवणाऱ्या सेवा आहेत. पाठीवर हलकी सॅक असली तर हा अर्धा त्रास संपतोच.

किल्टबद्दलही विचारतो: तुमचा कुठला आहे? लग्नासमारंभाचा, आठ वार लोकरी कापडाचा, तो दोन किलोच्या आसपास भरतो आणि भिजला की आणखी जड होतो. तो भाड्याचा असेल तर डोंगरात नेऊच नका. पॉलिव्हिस्कोज या कृत्रिम धाग्याचा, कमी कापडाचा हलका किल्ट चालायला बरा. पावसात कड गुडघ्यामागे घासायला लागली तर त्या जागी सकाळीच व्हॅसलीन लावून ठेवा.

व्हॅसलीन मांड्यांनाही लावा, पण निघण्यापूर्वी, कोरड्या कातडीवर आणि पातळ थर. आग व्हायला लागल्यावर लावून फारसा उपयोग नाही. खोबरेल तेलही चालतं. वारीत चालणारी कितीतरी मंडळी तेच वापरतात. पण तिकडच्या थंडीत ते बाटलीत गोठून बसतं, म्हणून रात्री अंथरुणात शेजारी घ्यावं लागतं. पावडर मात्र नको. घामात तिचे गोळे होतात आणि तेच घासतात. केस वस्तऱ्याने काढू नका, नवीन खुंट टोचतात.

तीन चड्ड्या पुरतात: एक अंगावर, एक वाळत, एक रात्रीसाठी कोरडी. तिकडच्या बऱ्याच बंकहाउसमध्ये, म्हणजे वाटसरूंच्या साध्या मुक्कामाच्या घरांत, ओले कपडे वाळवायची गरम खोली असते. नसली तर चड्डी धुऊन टॉवेलात गुंडाळायची आणि त्यावर उभं राहायचं, निम्मं पाणी निघून जातं. दुपारच्या थांब्याला पाच मिनिटं आडोशाला जाऊन कोरडी चड्डी बदलता आली तर उरलेला दिवस वेगळाच जातो. किल्टमध्ये हे पँटपेक्षा कितीतरी सोपं आहे.

लांब चड्डीची आणखी दोन कारणं या वाटेपुरती खास आहेत. पहिलं कारण जूनचा महिना. हायलँडमधली चावरी चिलटं तेव्हा ऐन भरात असतात, आणि वारा पडला की थव्याने येतात. शिवाय नेच्यांच्या झुडपांत गोचिडी असतात, त्यांना जांघ आणि गुडघ्यामागची मऊ कातडी फार आवडते आणि काहींमधून लाइम रोग होतो. मांडीला घट्ट बसणारं कापड त्यांची वाट बरीच अडवतं. तरी रोज संध्याकाळी आंघोळीच्या वेळी जांघ, गुडघ्यामागचा भाग, कंबर हाताने चाचपून बघा. गोचीड दिसली तर काढायचा छोटा आकडा औषधाच्या दुकानात मिळतो. पुढच्या काही आठवड्यांत तिथे पसरत जाणारा लाल चट्टा उठला तर डॉक्टरला दाखवा.

दुसरं कारण लाजेचं आहे, आणि त्यात कमीपणा काही नाही. वाटेतल्या कॉनिक हिल या टेकडीवर वारा जोरात असतो. लॉक लोमंड या तळ्याच्या काठाने इनव्हर्सनेड गावाच्या पुढे वाट दगडांमधून, मुळांवरून जाते. गुडघा छातीपर्यंत आणून चढावं लागतं, आणि खाली कुणीतरी उभं असतं. कधी शाळेची मुलंही असतात. गडद रंगाची लांब चड्डी असली की तुम्ही पाय कुठे ठेवायचा ते बघाल, निऱ्या सावरत बसणार नाही. पडण्याचा धोका अशा वेळी निऱ्या सावरतानाच असतो.

तुमच्या बायकोने दिलेला पँटचा सल्लाही मी बाजूला टाकणार नाही. त्या बरोबर बोलताहेत, फक्त सातही दिवसांसाठी बोलताहेत. मधला मार्ग आहे: पहिला दिवस, रॅनॉक मूर या मोकळ्या माळरानाचा दिवस आणि शेवटचा दिवस किल्ट, बाकी दिवस हवा बघून. सॅकमध्ये एक हलकी पँट असू द्या. सततच्या पावसात दुपारी ती चढवलीत म्हणून पैसे देणाऱ्यांपैकी कुणी ते परत मागणार नाही.

हे वाचणाऱ्या इतरांसाठीही दोन शब्द. स्कर्ट घालून ट्रेक करणाऱ्या मुली, उन्हाळ्यात ड्रेस घालून दिवसभर फिरणाऱ्या बायका, लुंगीवर पदयात्रा करणारे पुरुष, सगळ्यांचं दुखणं हेच आणि औषधही हेच. मांड्या घासतात म्हणून स्वतःच्या वजनाला दोष देणारी पत्रं मला बरीच येतात. सडपातळ धावपटूंच्याही मांड्या सोलतात, हे त्यांनी लक्षात घ्यावं. जांघेत गोल, कडेला लाल आणि खाजणारा चट्टा उठला तर ते घासणं नाही, नायटा असू शकतो. त्यावर दुकानातून विचारून आणलेलं स्टेरॉइड मिसळलेलं मलम चोळू नका. चार दिवस बरं वाटतं आणि मग तो दुप्पट पसरतो. मधुमेह असेल तर साधी सालही अंगावर काढू नका.

तुमच्यापुरतं वेळापत्रक असं. आधी कातडी पूर्ण भरू द्या, आठवडा-दहा दिवस लागले तरी चालतील. सैल पायजमा घाला आणि चालणं बंद ठेवा. तोवर दोन वेगवेगळ्या प्रकारच्या चड्ड्या एकेक मागवा. मग मगडॉक पार्कात एका पावसाळी शनिवारी एक घालून दोन तास चाला, पुढच्या शनिवारी दुसरी. ती मुद्दाम ओली होऊ द्या. ओल्या अंगाने जी गप्प राहील तिच्या आणखी दोन घ्या.

फोर्ट विल्यमला वाट जिथे संपते, तिथे बाकावर बसून दुखरे पाय चोळणाऱ्या एका माणसाचा पुतळा आहे. त्याच्या शेजारी नीट मांडी जुळवून बसा, फोटो काढा, आणि मला पाठवा.